बगळीचा घसारा

सासवणे, ता. अलिबाग
११ ऑगस्ट २०२४

श्री. धर्माजी उभारे यांस
विश्राम शिगवण याजकडून.

पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ते दिसले असते तर आपण पाकीट न फोडताच चुलीत घातले असते. आता पत्र उघडलेच आहे, तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही विनंती. ‘ऐकून’ म्हणतो, कारण आपल्याकडची पत्रे सौ. सोनूबाई गिरणीत बसून मोठ्याने वाचतात आणि दळणाला आलेल्या बायकाही ती ऐकतात, हे मी विसरलेलो नाही. त्या सर्वांना माझा नमस्कार. त्यांनी मध्ये बोलू नये.

विषय गाडीचा आहे. १९८८ साली किहीमच्या बंगल्यातले पारशी गृहस्थ कायमचे परदेशी निघाले, तेव्हा त्यांची दोन आसनांची, उघड्या टपाची, १९५९ सालची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी आपण दोघा साडूंनी निम्मे निम्मे पैसे घालून विकत घेतली. दोन जोडप्यांनी मिळून दोन आसनांची गाडी घेऊ नये, हे त्या वेळी कोणीही सुचविले नाही. आमचे कुटुंब आणि सौ. सोनूबाई, या दोघी बहिणी तिच्या पांढऱ्या रंगामुळे तिला ‘बगळी’ म्हणत. मी तिला गाडीच म्हणतो.

पुढे १९९३ साली मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाला गाडीतून कोणी न्यायचे, यावर आपण दोघे मांडवात उभे राहून वाद घालत होतो. तेवढ्यात आमच्या कुटुंबाने चावी फिरविली, शेजारी सौ. सोनूबाई बसल्या, आणि दोघी जणी दिघीच्या धक्क्यापर्यंत फिरून संध्याकाळी परत आल्या. नवरदेव पायी गेला. आमच्या कुटुंबाला गाडी चालवायला कोणी शिकविले, असा प्रश्न मी त्या दिवशी विचारला होता. आपण उत्तर दिले नाही. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

गाडीची वाटणी मात्र रीतसर झाली. एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा, ही शेतीच्या वाटणीची रीत आपल्या सासुरवाडीच्या पंचांनी गाडीलाही लावली. वाटे मी पाडले. एकात सांगाडा, चाके, आसने आणि टप. दुसऱ्यात इंजिन व गिअरबॉक्स. आपण दुसरा उचललात आणि पिठाच्या गिरणीला जोडलात. त्या वाटणीत मला आजही काही चूक आढळत नाही.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात अमिषा घरत नावाच्या एक तरुण बाई पत्ता विचारायला आमच्या फाटकात आल्या आणि शेडमधली गाडी पाहून पत्ता विसरल्या. त्या उरणच्या. वडिलांचे ट्रेलर आहेत. या स्वतः जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री जुळवून देतात. त्यांनी विचारले, “काका, ही चालते?” मी म्हणालो, चालते, टॅक्सीचे डिझेल इंजिन बसविलेले आहे. त्या पायरीवर बसल्या. ओरिजिनल इंजिन कुठे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, वाटणीत गेले. तो शब्द त्यांनी मला पुन्हा उच्चारायला लावला.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मूळ इंजिनासह, म्हणजे कागदावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक जुळत असेल तर, या गाडीची जी किंमत होते, तीत माणगावला स्टेशनजवळ तीन खोल्यांचे घर येईल. मूळ इंजिनाशिवाय त्या घराची मोरी येईल. मी वाणिज्य शाखेचा उपप्राचार्य म्हणून निवृत्त झालो. गाडी दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी झिजते, याला घसारा म्हणतात, आणि शेवटी तिची भंगाराची किंमत उरते, हे मी जन्मभर शिकविले. माझे काही विद्यार्थी आज त्याच आधारावर लोकांचा कर ठरवितात. माझ्या हिशेबाने बगळी, म्हणजे गाडी, कधीच शून्य झालेली आहे. ती उलट वाढत गेली, हे ऐकून मला आनंद होण्याऐवजी अपमान झाल्यासारखे वाटले.

तरी आपण इंजिन पाठवावे. विक्रीच्या रकमेत निम्मा वाटा आपला राहील. विकण्याचे कारण विचाराल, तर शेडमध्ये जागा अडते. दुसरे काही कारण नाही.

फेब्रुवारीत आमचे कुटुंब, सगुणा, हिच्या दिवसकार्याला सौ. सोनूबाई आल्या होत्या. आपण फाटकापर्यंत येऊन परत गेलात, असे कळले. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. फाटकाला कडी घातलेली नव्हती, एवढेच कळवितो.

उत्तर द्यावे की न द्यावे हे आपण ठरवावे. मी पोस्टमनची वाट पाहतो, असा समज करून घेऊ नये.

वि. गो. शिगवण


सासवणे
२८ ऑगस्ट २०२४

श्री. धर्माजी उभारे यांस,

आपला ध्वनिसंदेश फोनवर मिळाला. पत्राला आवाजाने उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही; तथापि मी तो ऐकला. मागे गिरणी चालू असल्याने पुन्हा ऐकावा लागला. एके ठिकाणी बायका हसल्या आहेत. माझ्या पत्रात विनोदी मजकूर नव्हता.

आपण म्हणता, “मास्तर, इंजान दिलं तर वीज गेल्यावर दळान कोन दळंल? आनि बगळी कंची म्हनायची? तुमच्याकडं खोका हाय, जीव माझ्याकडं हाय. खोका हिकडं धाडा.”

प्रथम, मी मास्तर नव्हतो, उपप्राचार्य होतो. हे आपल्याला पूर्वीही सांगितलेले आहे.

दुसरे, आपला युक्तिवाद मी निःपक्षपातीपणे अमिषाबाईंपुढे ठेवला. त्यांनी निर्वाळा दिला की बाजारात गाडी म्हणजे सांगाडा, कारण गाडीचा क्रमांक सांगाड्यावर असतो. मला समाधान वाटले. पण लगेच त्या म्हणाल्या, “पण काका, इंजिनशिवाय ती नुसती आठवण आहे. आठवणीला गिऱ्हाईक नसतं.” अशी वाक्ये त्या कारखान्यातून आणल्यासारखी बोलतात.

त्यांनी मला या बाजाराची रीतही समजावली. ती आपल्यालाही कळावी म्हणून लिहितो. गिरणीत ऐकणाऱ्यांना नको असेल तर त्यांनी पीठ चाळून घ्यावे. नवी गाडी घेतल्या दिवसापासून उतरत जाते, आणि पंधरा-वीस वर्षांनी तिला कोणी विचारत नाही. इथपर्यंत माझा घसारा बरोबर आहे. याच काळात बहुतेक गाड्या भंगारात जातात किंवा गंजतात, आणि म्हणूनच ज्या चुकून उरतात त्या वर चढू लागतात. पण केवळ जुनी म्हणून कोणतीही गाडी चढत नाही. जी गाडी पाहून कोणी पंधरा वर्षांचा मुलगा रस्त्यात थांबला होता, तीच चढते. तो मुलगा पन्नाशी-साठीला येतो, त्याच्याकडे पैसे साठतात, आणि त्याला ती गाडी हवी होते. मग ती मुले म्हातारी होतात, त्यांचे गुडघे जातात, पुढे तीही जातात. त्यांच्या नातवंडांना दुसऱ्या गाड्या आवडतात. मग तीच गाडी, काही न बिघडता, पुन्हा उतरू लागते.

यावर मी विचारले, म्हणजे किंमत गाडीची नसतेच? त्या म्हणाल्या, “नसतेच. ज्यांनी बघितली त्यांची असते. बघणारे संपले की संपली.” हे विधान मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. त्या दिवशी दुपारी मी जेवलो नाही, पण त्याचा याच्याशी संबंध जोडू नये; मला भूक नव्हती.

थोडक्यात, आपली गाडी सध्या शिखरावर आहे आणि उतार जवळ आला आहे. मुंबईचे एक गृहस्थ तयार आहेत. वय साठ. शाळेत असताना त्यांनी कोणत्याशा क्लबच्या दारात अशी गाडी पाहिली होती. त्यांना ती दिवाळीच्या सुमारास हवी आहे, आणि इंजिनावर क्रमांकाची मूळ पट्टी असली पाहिजे, अशी त्यांची अट आहे. ती पट्टी जागेवर आहे ना, एवढे कळवावे.

वि. गो. शिगवण

ता. क. पत्र पेटीत टाकण्यापूर्वीच, माझ्या पहिल्या पत्रातल्या क्रमांकाच्या उल्लेखावर, आपला दुसरा संदेश आला. पट्टी आपण काढून घराच्या चौकटीवर ठोकली आहे, आणि ग्रामपंचायतीच्या माणसाने तोच घरक्रमांक समजून घरपट्टीच्या कागदावर उतरविला आहे, असे आपण अभिमानाने सांगता. म्हणजे आज सरकारदरबारी आपण एका इंग्रजी इंजिनात राहता. मी येत आहे.


सासवणे
२२ सप्टेंबर २०२४

श्री. धर्माजी उभारे यांस,

परवा मी माणगावला आपल्या घरी आलो होतो. आपणही हजर होतात. तरी आपल्याशी बोलणे झाले नाही, म्हणून तेथे जे बोलायचे होते ते लिहून पाठवितो.

आधी झालेल्या प्रसंगाबद्दल. मी सौ. सोनूबाईंना म्हणालो, इंजिन पाहता येईल का, असे धर्माजीरावांना विचारा. आपण माझ्यासमोर हातभर अंतरावर बसला होतात. आपण त्यांना म्हणालात, “मास्तरांना सांग, चपला काडून या. रोजची पूजा हाय तिथं.” सौ. सोनूबाईंनी माझे वाक्य आपल्याला आणि आपले मला, जसेच्या तसे, पुन्हा सांगितले. चहात साखर किती, हेही असेच ठरले. माझ्यासोबत आलेल्या अमिषाबाई मान इकडून तिकडे वळवीत होत्या. शेवटी सौ. सोनूबाईंनी पिठाचा डबा खाली ठेवला. त्या जे बोलल्या ते मी येताना संपूर्ण रस्ताभर ऐकत आलो.

“भावजी, माझी बहीन गेली. तिच्याबद्दल बोलायला मला तुमी दोगंच उरलाव. आनि तुमी दोगं माझ्या तोंडानं साखर मागताव.”

त्यानंतर साखर आपण दोघांनीही आपापल्या हाताने घेतली. हे सुधारणा म्हणून धरावे की नाही, याबद्दल मी साशंक आहे.

आता तांत्रिक बाब. इंजिनावर पिठाचा थर होता आणि वर गोंड्याच्या फुलांचा हार. अमिषाबाईंनी तो बाजूला करून पाहिले, मग आपण ते सुरू केले. मला त्यातले कळत नाही. पण गाडीत असताना ते असे चालत नव्हते. अमिषाबाई म्हणाल्या की ही इंजिने मालक पळवून पळवून मारतात किंवा बंद ठेवून गंजवितात. आपले इंजिन मात्र इतकी वर्षे एकाच सावकाश गतीने तांदळाचे पीठ दळत बसले, वेळेवर तेल पीत राहिले आणि दसऱ्याला नारळ घेत राहिले. एवढे सांभाळलेले इंजिन त्यांनी मुंबईत पाहिलेले नाही. आपण त्या वेळी मिशीवरून हात फिरविलात. ते मी पाहिले.

माझ्या वाट्याची अवस्था अमिषाबाईंनी आपल्यासमोर सांगितलीच. समुद्राच्या वाऱ्याने तळाचा पत्रा खाल्ला होता. ते भोक मी होडी बांधणाऱ्याकडून फायबरने बुजवून घेतले. त्याने मला खात्री दिली होती की गाडी आता बुडणार नाही. अमिषाबाईंच्या मते यामुळे तिचे मोल घटले, आणि फायबर काढून पत्रा बसवावा लागेल.

म्हणजे मी पाडलेल्या दोन वाट्यांपैकी आपला चढला आणि माझा उतरला. वाटे पाडले तेव्हा ते समान होते, ही माझी भूमिका कायम आहे.

चौकटीवरची पट्टी काढताना आपण घरपट्टीचे काय होणार, असे विचारलेत. मला नव्हे, सौ. सोनूबाईंना. मी ग्रामपंचायतीस अर्जाचा मसुदा तयार करून सोबत जोडला आहे.

वि. गो. शिगवण


सासवणे
१४ ऑक्टोबर २०२४

श्री. धर्माजीराव यांस,

आपला संदेश ऐकला. इंजिन टेम्पोत घालून पाठवायला आपण तयार नाही. ते घेऊन स्वतः येणार, आपल्या हाताने बसविणार आणि ते सुरू होईपर्यंत येथेच राहणार, अशी आपली अट आहे. “दुसऱ्याचा हात लागला तर चालू व्हायाचं न्हाय, त्याला माझी सवं हाय,” हे कारण शास्त्रीय नाही. तरीही अट मान्य आहे. सौ. सोनूबाईही येणार, हे कळले. गिरणीतल्या बायकांनी आपापले दळण आधीच उरकून घेतले आणि बगळीला लिंबू-मिरची पाठविली आहे, हेही कळले. त्यांचे आभार मानावेत.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या.

जेवणाबद्दल. मी भात करतो. आमटी काही दिवस आमटी होते, काही दिवस होत नाही. सुकटीची चटणी फोनवर पाहून केली, ती मांजराने खाल्ली आणि मग ते दोन दिवस आले नाही. सौ. सोनूबाईंनी आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरू नये. तेथले डबे ज्या क्रमाने लावलेले आहेत त्याच क्रमाने राहावेत. कोणत्या डब्यात काय आहे हे मलाही ठाऊक नाही, पण क्रम राहावा.

आसनाबद्दल. चालकाच्या शेजारच्या आसनाची मूळ गादी केव्हाच फाटली होती. आमच्या कुटुंबाने तीत सावरीचा कापूस भरून वर जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती. अमिषाबाई म्हणतात की ती मूळची नसल्याने किंमत कमी होते. काढून टाकावी आणि इंग्लंडहून मागवलेली बसवावी. मी त्यांना कळविले की ती गादी गहाळ झाली आहे. आपण आल्यावर ती माझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर आपल्या दृष्टीस पडेल. तरी ती गहाळच समजावी, आणि अमिषाबाईंसमोर तिचा उल्लेख करू नये.

कोलाडच्या पुढे रस्ता खराब आहे. इंजिन नीट बांधावे. आपणही सांभाळून बसावे.

वि. गो. शिगवण


सासवणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय धर्माजीराव,

आपण परवा गेलात. घडलेल्या गोष्टींच्या वेळी आपण हजर होतात, त्यामुळे त्या आपल्याला कळविण्याची गरज नाही. परंतु गिरणीतल्या बायकांना सौ. सोनूबाई काय सांगतील याची मला कल्पना आहे, म्हणून अधिकृत वृत्तान्त मी लिहितो. हा मोठ्याने वाचण्यास हरकत नाही.

पत्रा बसला, डिझेल इंजिन निघाले, मूळ इंजिन बसले. क्रमांकाची पट्टी अमिषाबाईंनी स्वतः पुसून रिवेट केली. या काळात आपण गाडीखाली आणि मी गाडीबाहेर असल्याने, समोरासमोर नसल्याचा फायदा घेऊन, आपण काही वाक्ये थेट बोललो. पाना द्या, हा नव्हे, मोठा. यांतून एकदा मी तो जुना प्रश्न विचारला, की सगुणाला गाडी कोणी शिकविली. आपण गाडीखालूनच म्हणालात, “मी. मिठागराच्या बांधावर. तीच म्हनली, तुमी शिकवा, ते आधी पुस्तक घेऊन बसतील.”

मी मोठा पाना पुढे केला, कारण मी खरोखर आधी पुस्तक घेऊन बसलो असतो.

गाडी सुरू झाली तेव्हा चाचणीची फेरी मी मारावी, असे ठरले होते. मालक मी होतो. परंतु इंजिनाची सवय आपल्याला, म्हणून आपण चाकावर बसलात. शेजारी गादी नव्हती, कारण ती गहाळ आहे. सौ. सोनूबाईंनी स्वयंपाकघरातला पाट आणून ठेवला आणि त्यावर त्या बसल्या. फाटकापर्यंत जाऊन परत येतो, असे आपण म्हणालात आणि मांडव्याच्या धक्क्यापर्यंत गेलात. चहा पिऊन, भजी बांधून, दुपार उलटल्यावर आलात. मी रस्त्यावर उभा होतो. शेजारच्या कल्पिताने घरातून खुर्ची आणून दिली तरी बसलो नाही. लोकांनी विचारले, काय झाले. मी सांगितले, चाचणी चालू आहे.

भजी गार होती. चांगली होती.

आता खरेदीदार. ते गृहस्थ मोठ्या बोटीने स्वतःची दुसरी गाडी घेऊन मांडव्याला उतरले आणि अमिषाबाईंबरोबर आले. त्यांनी बगळीला चारही बाजूंनी पाहिले. ते चष्मा पुसत होते, हे मला आवडले. मग ते आत बसले. आत जाणे जमले, कारण ते जवळजवळ पडलेच. त्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवला, आपण इंजिन सुरू केलेत, आणि ते पुष्कळ वेळ पुढे बघत बसले. समोर आमची विहीर आहे. त्यांना काय दिसत होते, हे मी विचारले नाही.

नंतर त्यांना बाहेर येता येईना. गुडघा स्टेअरिंगखाली अडकला होता, कंबर वर येत नव्हती. अमिषाबाईंनी त्यांना हात दिला आणि त्याच आत ओढल्या गेल्या. सौ. सोनूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “आवो, गाडी घेतली न्हाय आजून, आनि आत्ताच सोडत न्हाईत.” शेवटी आपण एका काखेत हात घातलात आणि मी दुसऱ्या. आपण म्हणालात, “मास्तर, मी तीन म्हनल्यावं.” आपण दोनलाच उचललेत. माझा हात अजून दुखतो. पण गृहस्थ निघाले.

मला वाटले, विक्री मोडली. अमिषाबाईंनाही तसेच वाटले असावे, कारण त्या विहिरीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पण त्या गृहस्थांनी सदरा नीट केला आणि ठरलेली रक्कम द्यायचे कबूल केले. गादी नसल्याबद्दल थोडे कमी केले, ते रास्त होते. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की माझ्या विषयाच्या दृष्टीने तुमचा तोटा होणार आहे. आता ही तुम्हाला चालवता येणार नाही, आणि तुमच्यानंतर तिला कोणी ओळखणारही नाही. ते म्हणाले, “माझ्यानंतरचं मी कशाला बघू, सर?” त्यांनी मला सर म्हटले, हे नोंदवून ठेवतो.

गाडी ट्रेलरवर चढली तेव्हा आपण टोपी काढलीत. सौ. सोनूबाईंनी तिच्यावरून तांदूळ ओवाळून टाकले. मी पावतीवर सही करीत होतो, त्यामुळे मला पाहता आले नाही. सही एरवीपेक्षा लांब झाली असल्यास तो कागदाचा दोष.

आपला निम्मा वाटा आपल्या खात्यावर जमा झाला असेल. व्यवहार पूर्ण झाला. आपल्या दोघांत आता येणे-देणे काही राहिलेले नाही.

आपला
विश्राम


सासवणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय धर्माजीराव,

मागील पत्रातले शेवटचे वाक्य मी नंतर पुन्हा वाचले (पत्राची प्रत मी ठेवतो), आणि त्यात एक गंभीर त्रुटी आढळली. ती आपल्या निदर्शनास आणणे माझे कर्तव्य आहे.

गेले काही दिवस मी सकाळी शेडमध्ये जाऊन उभा राहतो. आत काही नसल्याने तेथे करण्यासारखे काही नाही. शेडमध्ये जागा अडते, म्हणून गाडी विकत असल्याचे मी आपल्याला लिहिले होते. जागा आता मोकळी झाली आहे. ती इतकी मोकळी होईल असा माझा अंदाज नव्हता. सकाळी बोलायचे कोणाशी, हा प्रश्न गाडी असतानाही होता. पण तेव्हा तो गाडीला विचारता येत असे. हे वाक्य सौ. सोनूबाईंनी मोठ्याने वाचू नये.

तर त्रुटी अशी. ही शेड आपण १९८९ साली बांधली. पत्रे मी आणले, वासे आपण माणगावहून आणलेत, आणि कौलांच्या दोन ओळी सगुणा व सौ. सोनूबाई यांनी वर चढून लावल्या. पत्र्यावर कौले कशासाठी, असे मी खालून विचारत राहिलो. म्हणजे शेड संयुक्त मालकीची. १९९३ साली पंचांनी गाडी वाटली, पण शेड वाटली नाही. ते विसरले. मीही विसरलो, आणि आपणही आपला हक्क सांगितला नाहीत. म्हणून कायद्याने या शेडचा निम्मा भाग आजही आपला आहे. येणे-देणे राहिलेले नाही, हे माझे विधान चुकीचे होते. ते मी मागे घेतो.

इतकी वर्षे आपण आपला भाग वापरलेला नाही, याने माझी अडचण झालेली आहे. अमिषाबाई परवा येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, काका, आता इथे काय ठेवणार? मी सांगितले की निम्मी जागा माझी नाही, त्यामुळे मला ठरवता येत नाही. त्यांनी विचारले, जागा साडूंनाच देणार असाल तर भिंत घालून खोली करून देऊ का, खिडकीही ठेवता येईल, समुद्राचा वारा येईल. मी म्हणालो, त्यांची संमती लागेल. खिडकी मात्र असावी, असे माझे मत आहे.

आपण यावर म्हणाल की मला शेड नको, ठेवा तुमची तुमच्याकडे. ते चालणार नाही. वाटणीची रीत आहे. या खेपेस वाटे आपण पाडायचे आणि आधी मी उचलायचा, आणि त्यासाठी आपण येथे समक्ष हजर असले पाहिजे. ध्वनिसंदेशावर वाटे पाडता येत नाहीत. सौ. सोनूबाईंनाही सोबत आणावे. तुम्ही गेल्यापासून डब्यांचा क्रम बदललेला आहे. तो त्यांनीच बदलला, आणि मला साखर सापडत नाही.

हेही आधीच सांगून ठेवतो की आपण वाटे कसेही पाडलेत तरी माझी हरकत असणार आहे. ती हरकत फार मोठी आहे. ती नीट ऐकून घ्यायला महिनाभर तरी लागेल, त्या हिशेबाने कपडे घेऊन यावे.

विश्राम